गाय नागपूरला, ज्वारी राहुरीला, माणूस नाशिकला

(लांबलंय. सवडीने वाचा, पण वाचा.)

मागे एका विद्यापीठात नव्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्राचं उद्घाटन होतं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एकाचा नाही. आमंत्रण आलं होतं, जवळच दुसरं काम होतं, म्हणून एसटीने गेलो. कोनशिला, फीत, रोपाला पाणी, शाल-श्रीफळ, सगळं रीतसर झालं. भाषणांत 'नवे शैक्षणिक धोरण', 'बहुविद्याशाखीय' आणि 'उत्कृष्टता' हे शब्द इतक्या वेळा आले की शेजारच्या वार्ताहराने मोजायचं सोडून दिलं. चहाच्या वेळी मी तिथल्या एका जबाबदार माणसाला विचारलं, "सर, हे केंद्र पहिला कोणता प्रश्न घेणार?"

ते म्हणाले, "ते तज्ज्ञ समिती ठरवेल."

समिती कधी बसणार? "जागा मंजूर झाल्यावर." जागा किती? "सध्या समन्वयकांकडे अतिरिक्त कार्यभार आहे."

म्हणजे इमारत आहे, बोर्ड आहे, माणूस उसना आहे आणि प्रश्न अजून ठरायचा आहे. परत येताना एसटीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आमच्या गावच्या एका मुलीची. तीच सांगायला ही पोस्ट लिहितोय. पण आधी थोडी पार्श्वभूमी.

मी शिरूर तालुक्यातला. तालुक्याच्या पूर्वेला घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. आज तिथे गेलात तर ऊस दिसेल. पण पुरातत्त्वाच्या अभ्यासकांत हे गाव जगभर माहीत आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नाही, हे आमचं पत्रकारांचंही पाप. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ. स. पूर्व 1600 ते 700 इतका काळ नांदलेली शेतकऱ्यांची वसाहत त्यांना सापडली. शंभराहून अधिक घरं, धान्य साठवायच्या जागा, पुरापासून बचावाचा बांध, पाण्याचा पाट. घराच्या जमिनीखाली मडक्यात पुरलेली लहान मुलं. एका मोठ्या पाच खोल्यांच्या घराच्या आवारात चार पायांचं मातीचं रांजणासारखं भांडं, आणि त्यात बसवून पुरलेला माणूस.

लहानपणी हे आजोबांकडून ऐकायचो तेव्हा वाटायचं, हे लोक खापरं आणि सांगाडे शोधायला आले असणार. खरी गोष्ट मला फार नंतर कळली. त्या खोदकामात नुसते पुरातत्त्ववाले नव्हते. जळून कोळसा झालेले धान्याचे दाणे ओळखायला वनस्पतींचा जाणकार होता. जनावरांची हाडं मोजून पाळीव किती, शिकारीची किती, हे सांगणारा प्राण्यांचा जाणकार होता. सांगाडे आणि दात बघून माणसं काय खात होती, कशाने आजारी पडत होती, हे सांगणारे मानवशास्त्रज्ञ होते. माती आणि नदीचे थर वाचणारेही होते. या सगळ्यांसमोर प्रश्न मात्र एकच होता : हे लोक जगत कसे होते, आणि शेवटी गाव सोडून का गेले?

त्याचं ढवळीकरांनी मांडलेलं उत्तर वाचून मी गप्प झालो होतो. शेवटच्या तीनशे वर्षांत चौकोनी मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आक्रसली, शिकारीवरची आणि जनावरांवरची भिस्त वाढली. हवामान कोरडं होत गेलं आणि शेतकरी हळूहळू भटका पशुपालक झाला, अशी त्यांची मांडणी. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचा आमच्या तालुक्याचा दुष्काळ. नुसत्या खापरांवरून हे कळलं नसतं, नुसत्या दाण्यांवरून किंवा नुसत्या हाडांवरूनही नाही. 1988 साली या उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला 1990 साली, त्याच्याही नंतर. 'आंतरविद्याशाखीय केंद्र' असा बोर्ड तेव्हा कुणी लावला होता का? मला तरी कुठे वाचल्याचं आठवत नाही. काम मात्र झालं.

आता ती मुलगी.

आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडची गावं, केंदूर, पाबळ, कान्हूर मेसाई हा पट्टा, कायम पाण्यासाठी रडणारा. पूर्वेला धरणाचं पाणी, पश्चिमेला टँकर, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. त्याच बाजूच्या एका वाडीतली ही मुलगी. वडील शेतकरी, आई दुसऱ्याच्या रानातही कामाला जाते. पोरगी हुशार, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाली. तिचा प्रश्न तिच्या घरातूनच आला होता. वडिलांना मुतखडा, चुलत्याला मुतखडा, शेजारच्या दोन घरांत मुतखडा. वाडीत सगळे म्हणतात, "हिरीच्या पाण्याचा गुण हाय." डॉक्टर म्हणतात, पाणी जास्त प्या. जास्त प्यायचं तर पाणी पाहिजे ना, आणि असलं तर तेच पाणी! तिला तपासायचं होतं, की हे खरंच पाण्याचं आहे, की उन्हातान्हात दिवसभर राबून पाणी कमी पिण्याचं आहे, की खाण्याचं, की नुसता आपला समज. त्यासाठी विहिरींचं पाणी तपासायचं, घरोघरी जाऊन कुणाला कधी त्रास झाला ते लिहायचं, कोण रानात किती तास असतं ते विचारायचं. बायका दिवसभर पाणी कमी का पितात हेही विचारायचं. रानात आडोसा नसतो, हे कारण तिला आईकडूनच माहीत होतं. हे कुठल्या भूजलाच्या पुस्तकात सापडणार नाही.

विषय घेऊन ती आधी पर्यावरणाच्या गाईडकडे गेली. ते म्हणाले, पाण्यापर्यंत ठीक आहे, मुतखडा आपला विषय नाही, तो काढून टाक. भूशास्त्राच्या सरांनी सांगितलं, खडक आणि पाणी एवढंच ठेव. समाजशास्त्राच्या मॅडमना विषय मनापासून आवडला, पण तुझी पदवी विज्ञानाची, आमच्या विषयात तुझी नोंदणी कशी होणार? मग कुणीतरी सुचवलं, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर सहमार्गदर्शक घे. ती आमच्याच एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेली. ते तयार झाले. पण त्यांचं कॉलेज दुसऱ्या विद्यापीठाचं. समितीसमोर विषय गेला आणि शेरा आला : 'विषय विद्याशाखेच्या कक्षेत बसत नाही.' ही समिती ज्या विद्यापीठाची, त्या विद्यापीठात आंतरविद्याशाखीय केंद्र होतं. तिथे ती गेली तर कळलं, की केंद्राला पीएच.डी.चे विद्यार्थी घ्यायची मान्यताच नाही. मान्यता असलेले गाईड सगळे आपापल्या विभागात.

आता इथे कुणा एका माणसाचा दोष काढायला मी बसलेलो नाही. ज्यांनी तिला परत पाठवलं त्यातले बरेच सज्जन होते, एकाने तर तिला घरी जेवायला घालून परत पाठवलं. घडीच तशी बसवलेली आहे, म्हणून ती घडी जरा उलगडून बघू.

महाराष्ट्रात माणसांच्या वैद्यकीय शिक्षणाचं सगळं विद्यापीठ नाशिकला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, 1998 पासून. जनावरांचं आणि मासळीचं नागपूरला, सगळ्या राज्यासाठी एकच. शेतीची चार : राहुरी, अकोला, परभणी, दापोली. आम्ही राहुरीच्या कक्षेत. उरलेलं सगळं, खडक, पाणी, समाज, अर्थ, भाषा, इतिहास, हे पुण्याला. म्हणजे आमच्या वाडीतल्या एका घरात सकाळी गाय आजारी पडली तर तिचं शास्त्र नागपूरला, दुपारी ज्वारीवर रोग पडला तर राहुरीला, संध्याकाळी घरधन्याच्या कुशीत कळ आली तर नाशिकला, आणि ज्या विहिरीचं पाणी हे तिघंही पितात ती विहीर पुण्याला. घर एकच आहे हो! त्या घराने कुठल्या विद्यापीठात अर्ज करायचा?

विशेष विषयाला विशेष विद्यापीठ काढण्यामागे कारणं होती आणि त्यातली काही चांगलीही होती, ते मान्य. राहुरीच्या वाणांनी आमच्या शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले हे मी नाकारत नाही. पण भिंती घालताना दारं ठेवायची राहून गेली.

बरं, 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द कायद्यात नाही असंही नाही. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या : विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान, आणि चौथी चक्क आंतरविद्याशाखीय अभ्यास. वाचून मला आनंद झाला होता. मग या चौथीत काय काय येतं ते बघितलं. शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, आणि आमची पत्रकारिता! म्हणजे पहिल्या तीन कप्प्यांत जे बसलं नाही ते चौथ्यात. घरात एक डबा असतो बघा, त्यात सुतळी, बॅटरीचे सेल, जुन्या किल्ल्या आणि बटणं असतात. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा हा कायदा नव्हता, नाहीतर आपण आंतरविद्याशाखीय आहोत हे मला तेव्हाच कळलं असतं आणि तालुका प्रतिनिधीच्या मानधनात फरक पडला असता, असं स्वतःची समजूत घालायला हरकत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर लिहिलंय, की 2040 पर्यंत सगळ्या उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हायच्या. आता मूल्यांकनाची फाईल आली की केंद्रं निघतात. महापुरुषांच्या नावाने एखादं अध्यासन, एक नवोपक्रम केंद्र, एक शाश्वत विकास केंद्र. तिन्हींचा समन्वयक बऱ्याचदा एकच प्राध्यापक, ज्याला आठवड्याचे तासही घ्यायचे असतात, पेपर तपासायचे असतात आणि त्याच्या विभागातल्या रिकाम्या जागांचं कामही ओढायचं असतं. तो बिचारा वर्षातून एक परिषद घेतो, पिशवी-पेन वाटतो, फोटो काढतो. मीही त्याची बातमी दोन कॉलम लावतो. हेही खरंच आहे, मी काही नामानिराळा नाही.

पण चांगलं होऊच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दोन उदाहरणं सांगतो.

आयआयटी मुंबईत 1985 पासून एक केंद्र आहे, 'सितारा' म्हणतात त्याला. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान हा त्याचा विषय. तिथे एम.टेक. करणाऱ्या मुलांना गावात जाऊन राहावं लागतं. यंत्र बनवायच्या आधी त्या गावाला पाणी कुठून येतं, सरपण कोण आणतं, एसटी किती वाजता येते, हे बघावं लागतं. मिलिंद सोहोनी हे तिथलं एक ठळक नाव. हा माणूस मुळात संगणकशास्त्राचा प्राध्यापक, आणि तेही अगदी शुद्ध गणिताच्या अंगाचं काम, कोणतं गणित सोडवायला संगणकाला किती अवघड जातं याच्या सिद्धान्तातलं. ते गृहस्थ उतरले ते कर्जत, मोखाड्याच्या बाजूच्या टँकरच्या गावांत. प्रश्न साधा : पाऊस इतका पडतो, योजना कागदावर पूर्ण झालेली असते, तरी उन्हाळ्यात टँकर का येतो? या प्रश्नाला पंप लागतो, पाइपचा उतार लागतो, खडक लागतो, ग्रामपंचायतीचं वीजबिल लागतं आणि सरपंचाचं राजकारणही लागतं. एका विभागाने भागत नाही. पुढे 2016 मध्ये राज्य सरकारने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केलं. त्यात जिल्ह्यातल्या कॉलेजांनी जिल्ह्यातलेच प्रश्न घ्यावेत अशी कल्पना होती. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला आपल्याकडे 'पोकरा' म्हणतात, गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत याच लोकांनी बसवली. पाऊस किती, वाहून गेला किती, मातीत मुरला किती, पिकाला मिळाला किती. त्या प्रकल्पात सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की तिथे प्रश्न आधी आला आणि विभाग मागून.

दुसरं उदाहरण पुण्याचं, विद्यापीठातलं स्त्री अभ्यास केंद्र. शर्मिला रेगे तिथे होत्या, 2013 मध्ये त्या गेल्या. समाजशास्त्राच्या बाई, पण दलित स्त्रियांची आत्मचरित्रं, सत्यशोधकी परंपरा, गाणी, पोवाडे, हे सगळं त्यांनी अभ्यासात आणलं. जात आणि बाई हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे तिथे शिकवलं गेलं. मराठी माध्यमातून, खेड्यातून आलेल्या मुलींना तिथे आपल्या आजीची गोष्ट 'ज्ञान' म्हणून सांगता आली. मात्र अशा केंद्रांची पाळंमुळं किती वर असतात बघा. 2017 मध्ये बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा देशभरातल्या स्त्री अभ्यास केंद्रांच्या अनुदानाचं पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. इतक्या वर्षांची केंद्रं, आणि अभ्यासक निवेदनं घेऊन रस्त्यावर. इतिहास विभागाला कधी असं विचारलं जातं का, की बाबा, योजना संपली, आता तुझं काय करायचं?

यावर एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "अरे, आधी एक विषय तरी धड येऊ दे. सगळ्यातलं थोडं थोडं म्हणजे मिसळ. पोटभर वाटते, पण जेवण नाही." सरांचं अर्धं म्हणणं मला पटतं. इनामगावला दाणे ओळखणारा माणूस दाण्यांत पक्का होता, म्हणूनच त्याच्या शब्दाला किंमत होती. पण तो पक्का माणूस दुसऱ्या पक्क्या माणसाच्या शेजारी एका खड्ड्यात बसला होता. आज तसं बसायला जागा कुठे आहे? गाईड विषयाप्रमाणे, नेट-सेट विषयाप्रमाणे, नोकरीची जाहिरात विषयाप्रमाणे. दोन विषयांत काम केलेला उमेदवार मुलाखतीला गेला की पहिला प्रश्न : तुमची पीएच.डी. 'संबंधित विषयात' आहे का? हे माहीत असताना कुठला शहाणा बाप मुलीला सांगेल, की जा, दोन विषयांच्या मधे उभी राहा?

म्हणून माझं म्हणणं अगदी किरकोळ, कारकुनी स्वरूपाचं आहे. नवीन इमारती नकोत. जी केंद्रं आहेत त्यांना पीएच.डी.ची मान्यता द्या आणि निदान दोन-तीन कायम जागा द्या, उसन्या नकोत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. मग नाशिकच्या कक्षेतला डॉक्टर आणि पुण्याच्या कक्षेतला भूशास्त्रज्ञ एका मुलीच्या अर्जावर सही करू शकतील, अशी एक पानाची पद्धत या विद्यापीठांनी आपसांत बसवा. कुलपती तर सगळ्यांचे एकच आहेत, राज्यपाल! आणि प्राध्यापकाने गावात जाऊन मराठीत अहवाल लिहून तो ग्रामसभेत वाचला, तर त्याला बढतीत काहीतरी गुण धरा. आज तो धरला जात नाही, म्हणून तो लिहिला जात नाही. इतकं सरळ आहे हे.

आमच्याच तालुक्यात पाबळला 1983 साली डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम काढला. योगायोग म्हणजे त्याच वर्षी इनामगावचं उत्खनन संपलं. एकाच तालुक्याच्या दोन टोकांना, एक तीन हजार वर्षांपूर्वीच्या दुष्काळाचा शोध संपवतोय आणि दुसरा आजच्या दुष्काळी गावात शाळा उघडतोय. या दोघांची गाठ घालून द्यायला मधे कुणी होतं का, याचा मी कधीतरी शोध घेणार आहे. तालुका प्रतिनिधीला तेवढी सवड मिळाली तर.

ती मुलगी आता पुण्यात एका खाजगी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. पगार बरा आहे, घरी पैसे पाठवते. पीएच.डी.चा विषय काढला की म्हणते, "जाऊ द्या ना दादा." जायच्या आधी मात्र तिने एका उन्हाळ्यात, स्वतःच्या स्कूटीवर, स्वतःच्या पेट्रोलने वाडीच्या आसपासच्या एकतीस विहिरींची नोंद केली होती. खोली, पाण्याची पातळी, चव, कोण कोण पाणी भरतं, त्या घरांत कुणाला कधी त्रास झाला, रानात किती तास. शाळेच्या दोनशेपानी वहीत, निळ्या पेनने. वडिलांच्या विहिरीपासून सुरुवात आहे.

ती वही तिने माझ्याकडे ठेवायला दिली, कारण घरी पावसाळ्यात गळतं. माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. घरांची नावं मी कुणाला दाखवणार नाही, पण विहिरींच्या नोंदी तिच्या परवानगीने दाखवीन. खडकाचा, पाण्याचा, किडनीचा, बायकांच्या कामाच्या तासांचा, ज्याचा जो विषय असेल त्या अभ्यासकाने, डॉक्टरने, विद्यार्थ्याने मला इनबॉक्समध्ये लिहावं. एकट्याने आलात तरी चालेल, पण दोन वेगवेगळ्या विभागांतले मिळून आलात तर स्टँडवर घ्यायला मी येईन, आणि चहाही माझ्याकडून.